कॉम्प्युटरसाठी कॉलेज निवडताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जालना जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंग शिकायचे असेल तर वाटा मुख्यतः चार आहेत. दहावीनंतर तीन वर्षांचा संगणक अभियांत्रिकीचा डिप्लोमा, बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी, बारावीनंतरच बीसीए किंवा संगणकशास्त्रातली बी.एस्सी., आणि कोणती तरी पदवी हातात आल्यावर दोन वर्षांचे एमसीए. जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. मराठवाड्यातली बरीच अभियांत्रिकी महाविद्यालये मात्र रायगड जिल्ह्यातल्या लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. नावे इतकी सारखी आहेत की पालकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. पुढच्या गोंधळाला हातभार लावतात ते शिकवणीवर्गाचे फलक, पुण्यात नोकरीला असलेला नात्यातला मुलगा आणि निकालाच्या आठवड्यात फोन करणारे ‘समुपदेशक’.

‘प्रोग्रॅमर व्हायचे तर इंजिनिअरिंगच हवे’

हा समज सर्वांत पसरलेला आणि सर्वांत महाग पडणारा आहे. प्रोग्रॅमिंगचा गाभा, म्हणजे एखादी भाषा, डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क, हे विषय बीसीए आणि बी.एस्सी.लाही असतात. अभियांत्रिकीत त्यांच्या जोडीला गणित जास्त असते, पहिल्या वर्षी भौतिकशास्त्र, आलेखन यांसारखे विषय असतात आणि एक वर्ष अधिक लागते. मोठ्या आयटी कंपन्या बीसीए, बी.एस्सी. झालेल्यांना घेतात. विप्रोने अशा पदवीधरांसाठी नोकरी करता करता एम.टेक. करण्याची योजना चालवली आहे, तर एचसीएलची टेकबी योजना थेट बारावी झालेल्यांसाठी आहे. या मार्गाने येणाऱ्यांचा सुरुवातीचा पगार बहुधा अभियंत्यांपेक्षा कमी असतो आणि काही कंपन्या कॅम्पसवर फक्त अभियंत्यांनाच बोलावतात. घरची ओढाताण करून, कर्ज काढून, कुठल्याही महाविद्यालयात ‘इंजिनिअरिंगच’ करण्यापेक्षा जवळच्या चांगल्या महाविद्यालयात बीसीए आणि पुढे एमसीए हा व्यवहार पुष्कळदा शहाणपणाचा ठरतो.

बीसीएला आता नुसत्या बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो असेही धरून चालू नये. २०२४-२५ पासून हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, कक्षेत आला आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यासाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा सुरू केली. त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो पारंपरिक पदवीत बसवला. नाव जवळपास तेच, प्रवेशाची रीत वेगळी, अशी त्यामुळे अवस्था आहे. पदवीवर नेमके काय छापून येणार, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे.

दहावीनंतरचा डिप्लोमाही ‘हुशार नसलेल्यांसाठी’ म्हणून बाजूला टाकला जातो. प्रत्यक्षात त्याला सीईटी नसते, दहावीच्या गुणांवर प्रवेश होतो आणि डिप्लोमाधारकाला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. जालन्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथे त्या वर्षी कोणत्या शाखा चालू आहेत आणि जागा किती, हे तंत्रशिक्षण संचालनालयाच्या यादीत पाहता येते.

गणित, एमएस-सीआयटी आणि आयसीटी

बारावीला गणित नसेल तर संगणकाची वाट बंद, हे अर्धसत्य आहे. अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतेच. बीसीएला बऱ्याच ठिकाणी लागत नाही. पण पुढे एमसीए करायचे तर बारावीला किंवा पदवीला गणित झालेले असणे सोयीचे ठरते. बारावीला जीवशास्त्राचा गट घेतलेल्या मुलाने म्हणूनच पदवीच्या अभ्यासक्रमात गणिताचा पेपर आहे का, ते आधी बघावे.

एमएस-सीआयटी केले म्हणजे प्रोग्रॅमिंगचा पाया झाला, असे गावोगाव मानले जाते. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा, म्हणजे एमकेसीएलचा, हा अभ्यासक्रम संगणक साक्षरतेचा आहे. टायपिंग, वर्ड, एक्सेल, इंटरनेट यांच्यासाठी आणि सरकारी नोकरीच्या अटीसाठी तो उपयोगी आहे. प्रोग्रॅम लिहिणे हे निराळे काम आहे.

तिसरा घोटाळा खास जालन्याचा आहे. २०१८ मध्ये जालन्यात ‘आयसीटी’चा मराठवाडा परिसर सुरू झाला. शाळांतल्या संगणकाच्या ‘आयसीटी लॅब’मुळे ही संगणकाची मोठी संस्था असावी, असा काहींचा ग्रह होतो. ही मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, तिचा दबदबा मोठा आहे, पण तो रसायन अभियांत्रिकीतला.

‘नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के’

अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीचा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताचा गट २०० गुणांचा असतो. त्यात गणिताच्या प्रश्नांना दुप्पट गुण आहेत आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. म्हणून निकालात मिळवलेल्या गुणांऐवजी पर्सेंटाइल देतात. ९० पर्सेंटाइल याचा अर्थ त्या सत्रातल्या शंभरांपैकी नव्वद परीक्षार्थींचे गुण त्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी होते. २०० पैकी १८० पडले असा त्याचा अर्थ नाही. त्यासाठी लागलेले गुण बहुधा त्याहून बरेच कमी असतात. वरच्या टोकाला मात्र अर्धा पर्सेंटाइलही हजारो विद्यार्थ्यांचा फरक करतो. म्हणून मागच्या वर्षीच्या कटऑफशी तुलना करताना पर्सेंटाइलबरोबर गुणवत्ता क्रमांकही पाहावा.

कटऑफची यादी वाचणे हे वेगळेच कौशल्य आहे. यादीतल्या रकान्यांवर ‘जी-ओपन-एच’, ‘एल-ओबीसी-ओ’ अशी जोडलेली संकेतनामे असतात. पहिले अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठीची. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचे अक्षर सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचे. एच म्हणजे गृह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठीची जागा, ओ म्हणजे त्याबाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्यस्तरीय. आता गृह विद्यापीठ ठरते ते बारावी कुठून केली त्यावर, घर कुठे आहे त्यावर नव्हे. परतूर किंवा मंठ्याचा मुलगा अकरावी-बारावीला लातूरला गेला, तर लातूर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येत असल्याने त्याचे गृह विद्यापीठ बदलते. मग छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या महाविद्यालयाचा एच रकाना पाहून बांधलेला अंदाज त्याच्यापुरता चुकतो. ‘टीएफडब्ल्यूएस’ असा रकाना दिसला तर ती शिकवणी शुल्क माफीची जागा. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असणाऱ्यांसाठी ती असते आणि तिचा कटऑफ साधारणपणे चढा असतो.

‘मिळेल तेच कॉलेज वर टाकावे’

कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, पसंतीक्रमाबद्दलचा हा समज दरवर्षी कित्येकांचे नुकसान करतो. मोठ्या महाविद्यालयाला पहिली पसंती दिली आणि ते मिळाले नाही, तर दुसऱ्या पसंतीवरचा हक्क कमी होतो, अशी भीती घातली जाते. जागावाटप गुणवत्ता क्रमांकाने चालते. विद्यार्थ्याची पाळी आली की त्याची यादी वरून खाली तपासली जाते आणि जिथे त्याच्यासाठी जागा शिल्लक आहे तो पहिला पर्याय त्याला मिळतो. पाचव्या क्रमांकावर लिहिलेल्या महाविद्यालयात त्याच्याहून कमी गुणांचा विद्यार्थी, त्याने ते पहिले लिहिले म्हणून, पुढे जात नाही. त्यामुळे यादी आवडीच्या क्रमानेच भरावी.

धोका दुसरीकडे आहे. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती जागा पक्की धरली जाते आणि पुढच्या फेऱ्यांतून नाव निघते. नंतरच्या फेऱ्यांत हा नियम आणखी काही पसंतींना लागू होऊ शकतो. तेव्हा जिथे जायचेच नाही ते नाव ‘असू द्या’ म्हणून वर ठेवू नये. फेऱ्यांची संख्या आणि नियम वर्षागणिक बदलतात. गेल्या वर्षी ताईच्या वेळी काय झाले, यावर विसंबण्यात अर्थ नाही. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी.

‘नॅक ए ग्रेड, म्हणजे कॉम्प्युटर विभाग चांगला’

नॅक ही राष्ट्रीय परिषद मूल्यांकन करते ते संपूर्ण संस्थेचे. संगणक अभियांत्रिकीच्या त्या एका अभ्यासक्रमाची तपासणी करते ते राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ, म्हणजे एनबीए. एकाच महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीला एनबीए असू शकते आणि संगणकाला नसू शकते. दोन्ही मानांकनांना मुदत असते, तेव्हा प्रवेशद्वारावरच्या फलकावरचे साल बघावे. एआयसीटीईची मान्यता तर दर्जाचे प्रमाणपत्र नव्हेच. अभ्यासक्रम चालवायची ती परवानगी आहे. ‘स्वायत्त’ हा शब्दही असाच फसवा. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते, पदवी मात्र विद्यापीठच देते.

कागदांपेक्षा जास्त सांगते ती प्रयोगशाळा. कामाच्या दिवशी दुपारी दोननंतर जाऊन प्रॅक्टिकल चालू असताना डोकावले तरी पुष्कळ कळते. यंत्रे चालू आहेत की धूळ खात आहेत, एका संगणकावर एक विद्यार्थी आहे की चार जण मान वर करून उभे आहेत, विद्यार्थी प्रोग्रॅम चालवून त्यातल्या चुका काढत आहेत की मागच्या वर्षीच्या जर्नलवरून नवे जर्नल उतरवत आहेत. सबमिशनसाठी उतरवलेले देखणे जर्नल हा मराठवाड्यापुरता नाही, साऱ्या महाराष्ट्राचा रोग आहे. दुसरा प्रश्न शिक्षकांचा. पदवी अभियांत्रिकीसाठी वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे एआयसीटीईचे प्रमाण आहे. संकेतस्थळावर नाव असलेले शिक्षक खरोखर तास घेतात का, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत सांगतात.

एआय, डेटा सायन्स, सायबर सुरक्षा अशा नव्या नावांच्या शाखांचे आकर्षण सध्या जबर आहे. पायाभूत विषय या सर्वांत बरेचसे तेच असतात. शाखेच्या नावापेक्षा तो विषय शिकवणारे माणूस तिथे आहे की नाही, हे बघणे जास्त कामाचे.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’

टक्केवारी कशाची, हे विचारल्याशिवाय या वाक्याला अर्थ नाही. समजा वर्गात शंभर विद्यार्थी आहेत. विषय राहिलेले (एटीकेटी), पुढे शिकणारे आणि ठरावीक गुण नसलेले वगळून चाळीस जणांची नोंदणी झाली, त्यातल्या छत्तीस जणांना नोकरी लागली, तर फलकावर नव्वद टक्के झळकतात. प्रत्यक्ष वर्गातून नोकरी मिळाली ती छत्तीस जणांना. एकाच मुलाला दोन कंपन्यांची पत्रे आली असतील तर ती दोनदाही मोजली जातात. ‘सर्वाधिक पॅकेज’ हा एका विद्यार्थ्याचा आकडा. विचारावा तो मध्यक, म्हणजे सर्व पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारा. शिवाय नोकरी प्रोग्रॅमिंगची होती की ग्राहकसेवेची, हेही विचारावे.

पुण्याला गेले की नोकरी आपोआप, हा याचाच जोडसमज. पुण्यात कंपन्या, कार्यशाळा, हॅकेथॉन, इंटर्नशिप जवळ आहेत, हे खरे. जालन्याची ओळख पोलाद आणि बियाण्यांची आहे, आयटीची नाही, हेही खरे. पण पुण्यातल्या सामान्य महाविद्यालयात खोलीभाडे आणि मेस भरून राहणे, आणि साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरात शासकीय अभियांत्रिकीसारख्या जुन्या संस्थेत शिकणे, यांत दुसरे सहसा सरस. शहर चांगले म्हणून तिथले प्रत्येक महाविद्यालय चांगले होत नाही.

भाषा आणि पैसा

मराठी माध्यमाच्या मुलाला प्रोग्रॅमिंग जमत नाही, यात तथ्य नाही. प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले राखीव इंग्रजी शब्द मोजकेच असतात. अडचण येते ती पाठ्यपुस्तकांत आणि मुलाखतीत, आणि ती पहिल्या वर्षापासून सवय ठेवली तर सुटते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी, जावा, पायथॉन यांचे धडे मराठीतून विनामूल्य मिळतात. २०२१ पासून पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतूनही सुरू झाली.

खासगी व्यावसायिक महाविद्यालयाचे शुल्क संस्थाचालकाच्या मर्जीवर नसते. ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, आणि देणगी घेण्यास १९८७ च्या राज्य कायद्याने बंदी आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशालाच मिळते. व्यवस्थापन कोट्यातून जागा ‘पक्की करून’ देणारा दलाल ही गोष्ट सांगत नाही.

सवलत आणि आरक्षण कागदांवर अडते. उत्पन्नाचा दाखला नसेल तर सवलत जाते; जात वैधता किंवा नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र मुदतीत सादर झाले नाही, तर विद्यार्थी खुल्या प्रवर्गात ढकलला जातो आणि पर्सेंटाइल असूनही जागा हुकते. जून-जुलैत तहसील कार्यालयात, सेतू केंद्रात आणि पडताळणी समितीकडे गर्दी उसळते. जात वैधतेचा अर्ज अकरावीत असतानाच करावा, बाकीचे दाखले सीईटीच्या आधी काढून ठेवावेत.