हरभऱ्याचा मर रोग व जमिनींतील उपकारक जंतु

जंतु म्हटला कीं तो रोगच आणणार, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. परंतु पिकांचे कित्येक रोग बुरशीपासून होतात, आणि त्या बुरशीस आवर घालणारे जंतु जमिनींतच वास करीत असतात, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी.

हरभऱ्याच्या मर रोगाचेंच उदाहरण घेऊं. हिरवेंगार झाड एकाएकीं मान टाकतें. त्याचा बुंधा उभा चिरला असतां आंतील भाग काळपट तपकिरी दिसतो. फ्युजेरियम नांवाची बुरशी मुळांवाटे शिरून पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करते, त्याचा हा परिणाम होय. हरभरा नसतांही ही बुरशी जमिनींत 6 वर्षें किंवा अधिक काळ टिकते. सबब एक-दोन वर्षांच्या फेरपालटानें ती नाहींशी होत नाहीं, व झाड सुकूं लागल्यावर केलेला खर्च व्यर्थ जातो.

यावरील उपायाची दिशा गव्हाच्या शेतांत सांपडली. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत वर्षानुवर्षें गहूंच घेतल्यास मुळें कुजविणारा 'टेक-ऑल' नांवाचा बुरशीजन्य रोग प्रथम वाढतो, व पुढें आपोआप ओसरतो. कुक व रोव्हिरा या शास्त्रज्ञांनीं 1976 सालीं दाखवून दिलें कीं, अशी माती ओल्या वाफेनें 60 अंशांपर्यंत तापविली असतां तिचा हा गुण जातो. उलट तिचा शंभरावा हिस्सा दुसऱ्या मातींत मिसळला असतां तो गुण तिकडे जातो. अर्थात् हा गुण सजीवांचा होता. पुढील संशोधनांत स्यूडोमोनास जातीचे जंतु त्याचे प्रमुख कारण ठरले.

हे जंतु मुळांभोंवतीं वस्ती करतात, बुरशीस मारक द्रव्यें निर्माण करतात, मातींतील लोह बांधून ठेवून बुरशीची उपासमार करतात, आणि झाडाची प्रतिकारशक्तिही जागृत करतात.

हरभऱ्यास स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्सची भुकटी दर किलो बियाण्यास 10 ग्रॅम या प्रमाणांत, किंचित् पाणी शिंपडून चोळावी. बीं सावलींत सुकवून त्याच दिवशीं पेरावें. शिवाय हेक्टरीं 2.5 किलो भुकटी 50 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतांत मिसळून जमिनींत द्यावी. भुकटी सजीव आहे. म्हणून मुदत पाहूनच घ्यावी, उन्हांत ठेवूं नये, व तांबेंयुक्त किंवा जंतुनाशक औषधांत मिसळूं नये.

मात्र हा जंतु म्हणजे राखणदार आहे, वैद्य नव्हे. चोर घरांत शिरल्यावर राखणदार नेमून काय उपयोग ? रोग फार असलेल्या शेतांत राहुरीच्या कृषि विद्यापीठाचे विजय, दिग्विजय यांसारखे मर-प्रतिकारक वाणच पेरावे, व भुकटीची जोड द्यावी. मेलेलीं झाडें उपटून जाळावीं.

आमची शेवटची सूचना अशी कीं, शेतांत चार ओळी भुकटीवांचून पेराव्या व दोहोंकडील मेलेलीं झाडें मोजावीं. आपल्या जमिनींत हा राखणदार कितपत कामास येतो, हें त्या मोजणीवरून ज्याचें त्यास कळेल.