ज्ञात प्रथिनावरून अज्ञाताचा आराखडा

भीतीच्या क्षणी रक्तात ॲड्रिनॅलिन मिसळते आणि हृदयाचे ठोके वाढतात. परंतु ॲड्रिनॅलिन हृदयाच्या पेशीत शिरत नाही. पेशीपटलात रुतून बसलेली ‘ग्राही’ नावाची प्रथिने त्याला बाहेरच्या बाजूस धरतात, आपला आकार किंचित बदलतात आणि आतील बाजूच्या जी-प्रथिनाला कार्यप्रवृत्त करतात. मानवी शरीरात अशा प्रकारचे सुमारे ८०० ग्राही आहेत. दम्यात श्वासनलिका सैल करणारे साल्ब्युटामॉल अशाच एका ग्राहीवर कार्य करते. किंबहुना प्रचलित औषधांपैकी सुमारे एकतृतीयांश औषधांचे कार्यस्थान हेच होय. म्हणून ग्राहीची रचना जाणणे ही केवळ जिज्ञासेची बाब नव्हे.

ही रचना पाहणे मात्र दीर्घकाळ दुष्कर होते. प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण टाकावे लागत. परंतु स्निग्ध पटलातून बाहेर काढताच ग्राहीची घडी विस्कटते. याउलट, ग्राहीतील अमिनो आम्लांचा क्रम जनुकावरून वाचता येतो. १९८६ साली बीटा-२ ॲड्रिनॅलिन ग्राहीचा क्रम ज्ञात झाला, तेव्हा डोळ्यातील ऱ्होडॉप्सिन या प्रकाशग्राही प्रथिनाशी त्याचे साम्य आढळले. दोहोंतही पटल आरपार ओलांडणारी सात मळसूत्रे होती.

येथे एक तत्त्व उपयोगी पडते. एकाच पूर्वजापासून आलेल्या प्रथिनांत क्रम पुष्कळ बदलला, तरी घडी त्या मानाने थोडीच बदलते. म्हणून दोन क्रम एकाखाली एक मांडतात, उत्क्रांतीत न बदललेली अमिनो आम्ले खुणेच्या दगडांप्रमाणे जुळवतात आणि ज्ञात प्रथिनाच्या सांगाड्यावर अज्ञाताची अमिनो आम्ले बसवतात. प्रथिनाच्या कण्यातील कोन संभवनीय आहेत की नाहीत, हे तपासण्यासाठी मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेला आलेख आजही वापरला जातो.

परंतु सांगाडा कोणाचा घ्यावयाचा? केंब्रिजमध्ये हेंडरसन व अनविन यांनी १९७५ साली एका लवणप्रिय सूक्ष्मजीवातील बॅक्टिरिओऱ्होडॉप्सिनची सात मळसूत्रे दाखविली होती; १९९० साली तिचे तपशीलही मिळाले. अनेकांनी त्यावरूनच ग्राहींच्या प्रतिकृती रचल्या. तथापि हे प्रथिन प्रोटॉन बाहेर टाकणारा पंप आहे; जी-प्रथिनाशी त्याचा संबंध नाही, आणि क्रमातही नाते दिसत नाही. १९९३ साली गाईच्या ऱ्होडॉप्सिनचा पुसट नकाशा हाती आला, तेव्हा मळसूत्रांची मांडणी निराळी असल्याचे दिसले. संख्या सारखी असली म्हणजे नाते असतेच असे नाही, हा त्यातील धडा होता.

गाईच्या ऱ्होडॉप्सिनची स्फटिक-रचना २००० साली प्रसिद्ध झाली आणि खरा आप्त हाती आला. तरीही अडचण सरली नाही. ऱ्होडॉप्सिनमध्ये प्रकाश टिपणारा रेटिनल हा रेणू आतच जखडलेला असतो, आणि प्रथिनाचा एक फासा त्याच्यावर झाकणासारखा बसतो. ॲड्रिनॅलिनला मात्र ये-जा करावी लागते. २००७ साली बीटा-२ ग्राहीची रचना प्रत्यक्ष दिसली, तेव्हा त्याचा तोच फासा बाजूला सरून प्रवेशद्वार उघडे ठेवीत असल्याचे आढळले. ऱ्होडॉप्सिनचे झाकण जसेच्या तसे उचलणाऱ्या प्रतिकृतीत औषधाची वाटच बंद होत होती. मळसूत्रांचा गाभा मात्र बऱ्याच अंशी जुळला.

२००८ साली ॲडेनोसिनच्या एका ग्राहीची रचना प्रसिद्ध होण्यापूर्वी जाहीर कसोटी घेण्यात आली. २९ गटांनी २०६ प्रतिकृती पाठविल्या. औषधाचा रेणू योग्य जागी बसविणे थोड्यांनाच साधले. आज शेकडो रचना ज्ञात आहेत, आणि २०२१ पासून संगणक केवळ क्रमावरूनही घडीचे भाकीत बऱ्याच अचूकपणे करू लागला आहे. तथापि औषधाच्या स्पर्शाने ग्राही कसा हलतो, हे एका स्थिर चित्रावरून कळत नाही. नाते जेथे जवळचे तेथे प्रतिकृतीवर भिस्त ठेवावी, दूरचे तेथे तिला प्रश्न समजावे आणि उत्तर प्रयोगाकडे मागावे.