नळीवरचा दिवस

सकाळी ७
वॉर्डात शिरलो की आधी मामांच्या खाटेखालची बाटली बघतो. छातीत घातलेल्या नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडालेलं आहे आणि मामांच्या श्वासासरशी नळीतलं पाणी वर-खाली होतंय, म्हणजे नळी चालू आहे. हे हलणं थांबलं तर नळी तुंबलेली असते, नाहीतर फुफ्फुस पूर्ण फुगून छातीला टेकलेलं असतं. ते छातीचा फोटो सांगतो.

सकाळी ८.३०
राऊंड. मामा पुणतांब्याचे, गोदाकाठचे शेतकरी. कांदा काढणीत ताप अंगावर काढला, बरगडीतली कळ गोळ्यांवर भागवली. न्यूमोनियामुळे फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साचलं आणि त्याचा पू झाला. मामी विचारतात, "पाणी काढलं की ताकद जाते म्हणतेत, खरंय का डॉक्टर?"
"मामी, ताकद त्या पुवानं जातेय. तो निघाल्याशिवाय ताप उतरायचा नाही."

सकाळी १०
नवी पेशंट, कॉलेजातली मुलगी. सोनोग्राफीत जागा बघून सुईनं पाणी काढतो. पू दिसला असता तर पुढची तपासणी न बघता नळी घातली असती. पाणी नुसतं गढूळ आहे, म्हणून पीएच बघतो. तो ७.२ च्या खाली आहे, तेव्हा नळी घालावीच लागणार. जागा काखेखालची, बरगडीच्या वरच्या कडेवरून. खालच्या कडेलगत रक्तवाहिन्या आणि नस असते. नमुना कल्चरला जातो, सीबीनॅटलाही. आपल्याकडे टीबी विसरून चालत नाही.

दुपारी १२
मामांच्या सोनोग्राफीत डाळिंबात असतात तसे पडदे दिसतात. कप्प्याकप्प्यांत अडकलेला पू एका नळीनं येत नाही. ब्रिटनमधल्या मिस्ट-२ या चाचणीनं २०११ मध्ये यावर वाट दाखवली. अल्टेप्लेज पडदे विरघळवतं, डीएनेज पू पातळ करतं. दोन्ही मिळून दिली तरच उपयोग झाला, एकेकट्यानं नाही. मात्रा १० आणि ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस. औषध घालून नळी तासभर बंद ठेवायची, मग सोडायची. बाटलीत रक्त दिसतंय का, यावर सिस्टरांची नजर असते. औषधं महाग आहेत, म्हणून कुठे युरोकायनेजही वापरतात.

दुपारी २
जेवण. पुवाबरोबर शरीरातली प्रथिनं जातात. मामींना अंडी, मटकी, शेंगदाणे सांगतो.

दुपारी ४
सर्जनसोबत फोटो आणि सीटी स्कॅन बघतो. एका पेशंटच्या फुफ्फुसावर जाड साल धरली आहे, ते फुगत नाही. तिथं औषधाचा हट्ट धरायचा नाही. दुर्बिणीतून ती साल सोलून काढावी लागेल.

संध्याकाळी ५.३०
मामा बाटली हातात धरून व्हरांड्यात चालतात. बाटली छातीच्या खालीच राहिली पाहिजे, नाहीतर पाणी उलटं आत जाईल. मग दीर्घ श्वासाचा व्यायाम. दुखतं म्हणून उथळ श्वास घेतला तर फुफ्फुस मिटलेलंच राहतं.

रात्री ९
गावाकडच्या एका डॉक्टरांचा फोन. न्यूमोनियाचं औषध चालू होऊन तीन दिवस झाले, ताप हटत नाही, एका कुशीला कळ आहे. सकाळी पाठवू का, असं ते विचारतात. मी म्हणतो, आत्ताच पाठवा. आज पातळ असलेलं पाणी थोड्या दिवसांत घट्ट होतं, आणि मग जे काम सुईनं भागलं असतं त्याला ऑपरेशन लागतं. ताप लांबला आणि कूस दुखली, तर छातीचा फोटो त्याच दिवशी काढायला हवा.