प्रवाळांसाठी दिवा कोणता?

दिवा विकत घेताना तुम्ही काय पाहता? तो किती वॅटचा आहे आणि डोळ्यांना उजेड कितपत वाटतो, एवढेच ना? जर्मनीत नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने नेमके हेच केले, आणि त्याची किंमत मुक्या जिवांना मोजावी लागली.

त्याने हौसेने खाऱ्या पाण्याची शंभर लिटरची काचेची टाकी मांडली. तीत दगड रचले आणि टाकीतच वाढवलेले पाच 'मश्रूम' आणून ठेवले. छत्रीसारखे दिसणारे हे प्राणी प्रवाळांचे जवळचे नातलग आहेत. टाकीवर निळसर प्रकाशाचा एलईडी दिवा टांगला. खोलीतून पाहता टाकी अंधारीच वाटे, म्हणून दिवा पुऱ्या ताकदीने लावला. तीन आठवड्यांत मश्रूम फिकट पडले. त्याचा फोन आला, "मामा, उजेड कमी पडतोय बहुतेक. आणखी एक दिवा लावू का?"

मी म्हटले, "थांब! आधी आहे तोच दिवा निम्म्यावर आण."

असे मी का सांगितले, ते आता पाहू या.

प्राण्याला उजेड कशाला?

प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नव्हे. मग त्याला उजेडाची गरज का बरे पडावी? याचे कारण त्याच्या पेशींत दडलेले आहे. तेथे एकपेशीय शैवाले राहतात. एकेक शैवाल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, आणि प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटर पृष्ठभागात ती दहा लाखांच्या आसपास असतात! ही शैवाले प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करतात व त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळ त्यांना आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनयुक्त द्रव्ये पुरवतो. या सहजीवनावरच उथळ समुद्रातील प्रवाळभित्ती उभ्या आहेत. तेव्हा दिवा निवडायचा तो या शैवालांसाठी.

निळाच प्रकाश का?

पाणी सगळे रंग सारखे शोषत नाही. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश शुद्ध पाण्यात दोन मीटरवर निम्मा होतो. दहा मीटरवर त्याचे शंभरातले जेमतेम तीन भाग उरतात. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश मात्र तेवढ्याच खोलीवर शंभरातले नव्वद भाग शिल्लक असतो. साहजिकच प्रवाळातील शैवालांची रंगद्रव्ये निळा व निळा-हिरवा प्रकाश उत्तम शोषतात. म्हणून या टाक्यांवरचे दिवे निळ्याकडे झुकणारे असतात.

दिव्याच्या खोक्यावर ६,५००, १०,००० किंवा २०,००० केल्व्हिन असे आकडे असतात. दिवा तेवढा तापतो असा त्यांचा अर्थ नव्हे. तेवढ्या तापमानाची कृष्णवस्तू ज्या रंगाची दिसेल, साधारण त्या रंगाचा हा प्रकाश, एवढेच ते सांगतात. आकडा मोठा तितका प्रकाश अधिक निळा.

डोळा फसतो तो असा

आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला सर्वांत संवेदनशील आहे. समजा, ५५५ व ४५० नॅनोमीटरचे सारख्याच संख्येने फोटॉन डोळ्यात शिरले, तर हिरवा प्रकाश निळ्याच्या सुमारे वीसपट प्रखर वाटेल! उजेड लक्समध्ये मोजणारे यंत्रही मानवी डोळ्याच्याच मापाने बनवलेले असते. शैवालांना मात्र महत्त्व फोटॉनांच्या संख्येचे. म्हणून निळा दिवा आपल्याला मंद वाटतो, तेव्हा शैवालांवर फोटॉनांचा पाऊस पडत असू शकतो.

यासाठी दर सेकंदाला एका चौरस मीटरवर किती मायक्रोमोल फोटॉन पडतात, हे मोजतात. एक मायक्रोमोल म्हणजे सुमारे ६ × १०^१७ फोटॉन. उष्ण कटिबंधातील भर दुपारचे ऊन सुमारे २,००० भरते. हौशी लोकांच्या अनुभवाप्रमाणे मश्रूमना ५० ते १०० पुरते. फांद्या फुटणाऱ्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५० लागते. भाच्याने मापक उसना आणून पाहिले, तर मश्रूमवर २८० भरले!

प्रकाश जास्त झाला की शैवालांची यंत्रणा कोलमडते आणि ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात. मग प्रवाळ शैवालांनाच बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. समुद्राचे पाणी फार तापले की हेच घडते. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ साली हा आघात सोसला आहे.

मग निवड कशी करावी?

जुना तंतूचा बल्ब बाद, कारण त्याचा बहुतेक प्रकाश अवरक्त आणि तांबडा. मेटल हॅलाइड दिवा प्रखर, पण तापट. शंभर लिटर पाण्यात दर सेकंदाला १०० जूल उष्णता आठ तास शिरली आणि बाहेर गेलीच नाही, तर तापमान सुमारे ७ अंशांनी वाढेल. हिशेब तुम्हीच करून पाहा. ट्यूबलाइट सारखा पसरलेला प्रकाश देते, पण तिचा प्रकाश हळूहळू बदलत जातो. म्हणून हौशी लोक साधारण वर्षाने ती बदलतात. शिवाय तीत पारा असतो.

नवशिक्याने एलईडी घ्यावा, पण निळा व पांढरा प्रकाश वेगवेगळा कमी-जास्त करता येईल असाच. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा दिवा रोज आठ ते दहा तास, वेळ लावून चालवावा. सुरुवात निम्म्याहून कमी ताकदीने करावी आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवत जावे. पहिले प्राणी कमी उजेडावर भागवणारे निवडावेत.

अर्धा मीटर खोल टाकीत पाणी तांबड्या प्रकाशाचेही शंभरातले पंधरा-सोळाच भाग शोषते. तळाशी उजेड कमी होतो तो मुख्यतः अंतरामुळे. हे घरी पडताळता येते. अंधाऱ्या खोलीत एक एलईडी बल्ब लावा आणि मोबाइलवरील प्रकाशमापकाने ३० व ६० सेंटिमीटरवर मोजा. दुसरे वाचन पहिल्याच्या चौथाई येते का? जास्त आले तर भिंतींवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचा विचार करा. टाकीच्या काचाही असेच करतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून दगडी प्रवाळांना संरक्षण दिले आहे. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. ते तिथेच पाहावेत, उचलून आणू नयेत.

भाच्याच्या पाचांपैकी तीन मश्रूम दोन महिन्यांत पुन्हा तपकिरी झाले. दोन विरघळून गेले. हल्ली तो नवा जीव आणण्यापूर्वी मापक आणतो.