प्रतिमंत्र्यांचे उत्तरदायित्व

डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरास भरले, की धंतोलीतील यशवंत स्टेडियमच्या परिसरातून मोर्चे निघू लागतात. विनाअनुदानित शाळांतील शिक्षक, अंगणवाडी सेविका, कापसाला आणि धानाला रास्त भाव मागणारे शेतकरी आपापली निवेदने घेऊन विधानभवनाच्या दिशेने चालू लागतात आणि टेकडी मार्गावर किंवा मॉरिस कॉलेजच्या नाक्यावर पोलिसांच्या कठड्यांपाशी थांबतात. शिष्टमंडळ मंत्रिमहोदयांना भेटते, आश्वासन मिळते, विरोधी पक्षांचे पुढारीही मोर्चाला सामोरे जाऊन पाठिंबा जाहीर करतात. परंतु अधिवेशनाचे सूप वाजल्यावर त्या निवेदनाचे खात्याच्या दफ्तरी पुढे काय झाले, हे वर्षभर नेटाने विचारीत राहण्याचे काम विरोधी बाकांवरील कोणा एकाच्या नावे लिहून दिलेले नसते. ही उणीव भरून काढण्यासाठीच संसदीय लोकशाहीत छाया मंत्रिमंडळाची, अर्थात प्रतिमंत्र्यांची, प्रथा निर्माण झाली.

प्रथेचे स्वरूप साधे आहे. सरकारात जितकी महत्त्वाची खाती, तितके विरोधी पक्षाचे प्रतिमंत्री. अर्थमंत्र्याने अंदाजपत्रक मांडले, की त्याची चिकित्सा करतो तो अर्थखात्याचा प्रतिमंत्री. पाटबंधाऱ्यांच्या मागण्यांवर कपात सूचना, तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी यांची आखणी करतो तो त्या खात्याचा प्रतिमंत्री. त्याला अधिकार नसतो, सहीशिक्का नसतो, हुकूम काढता येत नाही. त्याचे सारे सामर्थ्य अभ्यासात असते. शिवाय मंत्र्याच्या धोरणावर टीका करताना, ‘तुमच्या हाती हे खाते असते तर तुम्ही काय केले असते?’ या प्रश्नाचे उत्तर त्याला तयार ठेवावे लागते, आणि या एका बंधनामुळे त्याच्या टीकेला आपोआप जबाबदारीचे वजन प्राप्त होते.

ब्रिटनमध्ये ही व्यवस्था सावकाश रुजली. १९३७ च्या कायद्याने तेथील विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन मिळू लागले. १९५५ मध्ये विरोधी पक्षनेते क्लेमेंट ॲटली यांनी आपल्या सहकाऱ्यांना एकेक विषय रीतसर नेमून दिला. आणि १९७५ पासून विरोधी पक्षांच्या संसदीय कामासाठी सार्वजनिक निधीतून साहाय्य दिले जाऊ लागले. या तयारीचे फळ कसे असते, हे १९९७ साली दिसले. पाच वर्षे अर्थखात्याचे प्रतिमंत्री राहिलेले गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री झाले आणि १ मे रोजी झालेल्या मतदानानंतर अवघ्या पाच दिवसांत, ६ मे रोजी, त्यांनी व्याजदर ठरविण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडच्या हवाली केला. इतका दूरगामी निर्णय इतक्या त्वरेने घेता आला, कारण त्याचा विचार विरोधी बाकांवर असतानाच होऊन चुकला होता.

नागपूरला विरोधी राजकारणाची परंपरा जुनी आहे. १९२३ च्या निवडणुकीत मध्य प्रांताच्या येथील कायदेमंडळात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले, तेव्हा त्या पक्षाने मंत्रिपदे नाकारली आणि पुढल्या वर्षी मंत्र्यांचे वार्षिक वेतन दोन रुपयांवर आणून ठेवून द्विदल राज्यपद्धतीचा पोकळपणा उघड केला. परकीय सत्तेविरुद्ध ती अडवणूक न्याय्यच होती, कारण ते राज्यच मुळी आपले नव्हते. स्वराज्यात मात्र विरोधी पक्ष हा उद्याचा राज्यकर्ता असतो; त्याला नुसते अडवून भागत नाही, कारभार हाती घेण्याची सिद्धताही करावी लागते.

महाराष्ट्रात तसे प्रयत्न झाले आहेत. २००५ मध्ये शिवसेना-भाजप युतीने विलासराव देशमुख यांच्या सरकारवर देखरेख ठेवण्यासाठी छाया मंत्रिमंडळ बनविले होते. ९ मार्च २०२० रोजी, पक्षाच्या वर्धापनदिनी, महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे राज ठाकरे यांनी नवी मुंबईत आपले प्रतिमंत्रिमंडळ जाहीर केले. परंतु विधानसभेत त्यांच्या पक्षाचा एकच आमदार असल्याने बहुतेक प्रतिमंत्र्यांना सभागृहात मंत्र्याला प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती, आणि पंधरवड्यातच टाळेबंदी येऊन साऱ्या राज्याचे लक्ष महामारीने वेधून घेतले. दोन्ही प्रयोग रुजले नाहीत. खातेवाटप केले की ज्यांना खाते मिळत नाही ते रुष्ट होतात, अनेक पक्षांच्या आघाडीत तर ही वाटणी अधिकच नाजूक होते, आणि अभ्यासासाठी लागणारे साहाय्यक व साधने विरोधी सदस्यापाशी क्वचितच असतात. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या दूर करण्याजोग्या आहेत.

आज तर या प्रथेची निकड अधिकच आहे. १९७७ साली संसदेने विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाचा कायदा केला, त्या वेळी लोकसभेत ते पद यशवंतराव चव्हाणांकडे होते. पुढल्याच वर्षी महाराष्ट्रानेही तसा कायदा केला. परंतु २०२४ च्या निवडणुकीनंतर २८८ सदस्यांच्या विधानसभेत कोणत्याही विरोधी पक्षाला या पदासाठी प्रथेने आवश्यक मानल्या जाणाऱ्या एकदशांश जागा मिळाल्या नाहीत, आणि डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहे विरोधी पक्षनेत्यावाचून चालली. त्या पदाला पीठासीन अधिकाऱ्यांची मान्यता लागते. प्रतिमंत्री नेमण्यास मात्र कोणाचीही मान्यता, कोणताही ठराव, कोणताही खर्च लागत नाही. लागते ती पक्षांची इच्छा.

विदर्भाच्या दृष्टीने तर ही गोष्ट अगत्याची आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून किमान एक अधिवेशन येथे भरविण्याचे अभिवचन दिले, आणि १९६० पासून काही वर्षांचा अपवाद वगळता ते भरत आले. पण २०२४ चे अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असे सहाच दिवस चालले. इतक्या अल्प मुदतीत सिंचनाच्या अनुशेषासारखा प्रश्न धसास लावायचा, तर उरलेले वर्षभर त्याचे कागद चाळणारा, धरणांच्या कालव्यांवर जाऊन पाहणी करणारा, आकडे जुळविणारा माणूस नेमलेला असला पाहिजे. ऐनवेळी जमविलेल्या आवेशपूर्ण भाषणाने ते काम होत नाही.

म्हणून विरोधी पक्षांनी पुढील हिवाळी अधिवेशनापूर्वी धंतोलीच्या टिळक पत्रकार भवनात एकत्र बसून पाटबंधारे, शेती, शिक्षण आणि आरोग्य या निदान चार खात्यांचे प्रतिमंत्री नावानिशी जाहीर करावेत. आणि नागरिकांनी आपले निवेदन मंत्र्याच्या हाती देताना त्याची एक प्रत प्रतिमंत्र्याच्या हातीही द्यावी व वर्षाअखेर दोघांकडूनही हिशेब मागावा.