रिपोर्ट पाठवायचा, पण कोणत्या ॲपवर?

वसई-विरारच्या घरांत आजारपण आता फोनमधून फिरते. रक्त तपासले नालासोपाऱ्यात, रिपोर्टची पीडीएफ आली व्हॉट्सॲपवर, ती गेली वसई गावातल्या फॅमिली डॉक्टरांकडे, तिथून मुंबईतल्या तज्ज्ञांकडे आणि मग ‘काय निघाले?’ असे विचारणाऱ्या भावंडांच्या ग्रुपवर. लोकलला लटकत चर्चगेटपर्यंतचे साठ किलोमीटर कापण्यापेक्षा हे केव्हाही बरे. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, तेव्हापासून चॅटवरून वैद्यकीय सल्ला देण्याला रीतसर चौकटही मिळाली आहे.

साखर किंवा थायरॉइडचा आकडा चार जणांनी पाहिला तर फारसे बिघडत नाही. पण तोच कागद क्षयाचा, एचआयव्हीचा, गर्भपाताचा किंवा मानसोपचाराच्या औषधांचा असेल तर? एचआयव्हीबाबत तर रुग्णाच्या संमतीशिवाय माहिती उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. कायदा माणसांना बांधतो, ॲपचे काय?

येथे दोन मार्ग सांगितले जातात. व्हॉट्सॲप, सिग्नल ही केंद्रीय ॲप: सर्वांचे संदेश एकाच संस्थेच्या सर्व्हरमधून जातात. मॅट्रिक्स, एक्सएमपीपी ही विकेंद्रित व्यवस्था: कोणीही आपला सर्व्हर चालवावा, आणि ईमेलप्रमाणे एका सर्व्हरवरच्या माणसाने दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलावे. विकेंद्रित म्हणजे आपोआप अधिक खासगी, असा समज तंत्रज्ञानप्रेमी मंडळींत बराच पसरलेला आहे. तो तपासून घ्यायला हवा.

आधी मजकुराचे पाहू. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सर्वांसाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन सुरू केले आणि त्यासाठी सिग्नलचीच पद्धत घेतली. संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या सर्व्हरला बंद पेटी तेवढी दिसते. टेलिग्रामच्या साध्या चॅटमध्ये हे संरक्षण नसते, तेथे ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम उघडावी लागते. रिपोर्टसाठी टेलिग्राम नकोच.

मजकूर झाकला गेला तरी पाकीट उघडेच असते. कोणी, कोणाला, कधी, किती वेळा लिहिले, या माहितीला मेटाडेटा म्हणतात. एखादा नंबर दर गुरुवारी रात्री मानसोपचारतज्ज्ञांच्या नंबरला संदेश पाठवतो, एवढे कळले की आत काय लिहिले होते ते वाचण्याची गरज फारशी उरत नाही. खरा फरक येथे आहे. अमेरिकेतील एका न्यायालयीन प्रकरणात २०१६ मध्ये सिग्नलकडे वापरकर्त्याची माहिती मागितली गेली, तेव्हा खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले, या दोनच गोष्टी संस्थेला देता आल्या. बाकीचे काही साठवलेलेच नव्हते. व्हॉट्सॲपची मालक कंपनी जाहिरातींवर चालते. २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्रकरण अपिलात गेले. दोन्ही ॲप केंद्रीयच, पण वागणूक निराळी.

मग विकेंद्रित कशाला? वसईकराला हे पाण्यावरून चटकन कळेल. महापालिकेचे पाणी मुख्यतः सूर्या धरणातून जलवाहिनीने येते. नळ सोडला की पाणी. पण वाहिनी फुटली की सगळ्यांचेच हंडे एकदम रिकामे. त्याआधी वाडीवाडीत बावखल होते. जमिनीतल्या पाण्यावर भरायचे आणि त्यावर केळी, पानवेलींचे शिंपण चालायचे. शेजारच्या बावखलाचे काही झाले तरी आपले शाबूत. मात्र त्यातला गाळ आपणच उपसायचा. दुर्लक्षाने आणि बांधकामांच्या भरावाने पुढे कितीतरी बावखले बुजली.

केंद्रीय ॲपची वाहिनी फुटते तेव्हा काय होते, ते सर्वांनी अनुभवले आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्रामसह व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले. पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, ते पुन्हा सुमारे दोन तास ठप्प झाले. सिग्नललाही हे चुकलेले नाही: २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत बिघाड झाला आणि सिग्नलही अडकले.

पण गाळाचा प्रश्न विकेंद्रित व्यवस्थेत तितकाच खरा आहे. मॅट्रिक्सच्या ग्रुपमध्ये चार सर्व्हरवरचे लोक असतील, तर त्या चारही सर्व्हरवर ग्रुपची प्रत राहते. मजकूर बंद असला तरी सदस्य कोण, कोण कधी बोलले, हे प्रत्येक सर्व्हरच्या चालकाला दिसू शकते. म्हणजे पाकिटाच्या प्रती कमी होण्याऐवजी वाढल्या! एक्सएमपीपीतही आपले संपर्क कोण, हे आपल्या सर्व्हरच्या चालकापुढे उघडे असते. शिवाय हा चालक म्हणजे हौसेने, रात्री जागून सर्व्हर सांभाळणारा कोणी तरुण असेल, तर सुरक्षेचे अपडेट वेळेवर बसतीलच याची खात्री कोण देणार? मॅट्रिक्सच्या मुख्य सर्व्हरमध्येच एप्रिल २०१९ मध्ये घुसखोरी झाली होती. भारतात आणखी एक अडचण आहे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधील दहशतवाद्यांकडून वापर होत असल्याचे कारण देत १४ ॲपवर बंदी घातली. त्यांत मॅट्रिक्सचे सर्वांत परिचित ॲप ‘एलिमेंट’ होते. ज्या ॲपवर सरकारी बंदी आली, ते डाउनलोड करा असे डॉक्टर आपल्या रुग्णाला सांगणार कसे?

संस्थांचे गणित वेगळे. जर्मनीत आरोग्यसेवेसाठीच्या ‘टीआय-मेसेंजर’चे मानक मॅट्रिक्सवर बेतलेले आहे, फ्रान्सचे सरकारी कर्मचारी ‘चॅप’ वापरतात, तेही मॅट्रिक्सवरच. तिथे सर्व्हर सांभाळायला पगारी माणसे आहेत. आपल्याकडे ‘प्रव’ हा प्रकल्प एक्सएमपीपीवर उभा राहतो आहे आणि सेवा चालवणारी संस्था सहकारी असावी, असा त्यामागचा विचार आहे. १९१८ पासून बॅसीन कॅथॉलिक बँक चालवणाऱ्या वसईला ही कल्पना परकी वाटू नये. एखाद्या मोठ्या रुग्णालयाने किंवा डॉक्टरांच्या संघटनेने असा सर्व्हर चालवायचे मनावर घेतले, तर ते योग्यच होईल. एकट्या कुटुंबाने त्या फंदात पडू नये.

आणि पूर आला तर? जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली होते. लोकल थांबल्या, वीज गेली. टॉवरची वीज संपली की केंद्रीय आणि विकेंद्रित, दोन्ही सारखीच मुकी होतात. ब्लूटूथवर फोनकडून फोनकडे संदेश नेणारी ॲप आहेत, पण दोन फोनमधले अंतर काही मीटरचे. त्यांतले ‘ब्रायर’ वर सांगितलेल्या १४ मध्ये आहे. जुलै २०२५ मध्ये आलेल्या ‘बिटचॅट’ची सुरक्षा अजून बाहेरून तपासलेली नाही, असा इशारा सुरुवातीला खुद्द निर्मात्यांनीच दिला होता. पुरासाठी चार्ज केलेली पॉवर बँक आणि वहीत लिहिलेले डॉक्टरांचे नंबर जास्त कामाचे.

रोजच्या वापरासाठी म्हणून निवड अशी: नाजूक आजाराचे कागद सिग्नलवर, तेही डॉक्टर तिथे असतील तरच, आणि संदेश ठरावीक मुदतीने आपोआप पुसण्याची सोय चालू करून. डॉक्टर फक्त व्हॉट्सॲपवर असतील तर तेही चालेल, मात्र सेटिंगमध्ये जाऊन बॅकअपचे एन्क्रिप्शन चालू करायला हवे. ही सोय २०२१ पासून आहे, पण ती आपण होऊन सुरू होत नाही. तोवर चॅट कुलूपबंद आणि क्लाउडमधली तिची प्रत मात्र तशी नाही, असा प्रकार चालू राहतो. आलेले फोटो आपोआप गॅलरीत उतरण्याची सोयही बंद करावी. नाहीतर आईच्या स्कॅनचा फोटो लग्नाच्या अल्बमशेजारी जाऊन बसतो आणि पाहुण्यांना फोटो दाखवताना नेमका तोच वर येतो.

लॅबच्या अर्जावर मोबाइल नंबरासाठी एक चौकट असते. वयस्कर माणसे तिथे बहुधा मुलाचा नंबर देतात, कधी सुनेचा, कधी शेजाऱ्यांचा. रिपोर्ट पहिल्यांदा त्याच फोनवर उघडतो.