कापशीची वेणीफणी

आपल्या मराठी भाषेने कुत्र्याला फारसे चांगले वागवलेले नाही. 'कुत्र्याचे जिणे' काय, 'कुत्र्याच्या मौतीने मरणे' काय, आणि शेपूट नळीत घालण्याची ती म्हण तर शाळेतच पाठ होते. उलट आपल्या देवादिकांनी त्याला जवळ केले आहे. दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा, आणि धर्मराज तर सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकायलाही तयार झाला नाही. मराठीची प्राध्यापिका म्हणून या विसंगतीवर मी वर्गात बोलत असते. परंतु कुत्र्याच्या केसांवर लिहिण्याची पाळी माझ्यावर यावी, हे श्रेय माझ्या आत्याचे आणि तिच्या कापशीचे.

आत्या पळसदरीला राहते. कर्जतहून खोपोलीकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते, ते हे स्टेशन. पाठीमागे बोरघाटाचे डोंगर. १८६३ साली आगगाडी या घाटातून वर चढली, आणि आजही कित्येक गाड्यांना कर्जतला जादा इंजिने जोडून वर ढकलावे लागते. आत्या निवृत्त शिक्षिका. आतोबा गेल्यापासून एकटी. मुलाची पुण्याहून बंगळूरला बदली झाली, तेव्हा त्याची पाळीव कुत्री तिच्याकडे आली. पांढरट-पिवळसर, जमिनीला टेकणाऱ्या केसांची ल्हासा आप्सो. पिंजलेल्या कापसाचा ढीग चालत यावा तशी ती दिसली, म्हणून आत्याने तिचे नाव ठेवले कापशी.

थंडीचे पांघरूण, कोकणचा पाऊस

ही जात मूळची तिबेटातली. मठांत आणि मोठ्या घरांत परक्या पावलाची वर्दी देण्याचे काम तिच्याकडे असे. तेराव्या दलाई लामांनी १९३३ साली सुयडम कटिंग या अमेरिकन प्रवाशाला अशी एक जोडी भेट दिली, आणि १९३५ साली अमेरिकेच्या केनेल क्लबाने या जातीला मान्यता दिली. साडेतीन हजार मीटरांहून उंच, कोरड्या आणि थंड पठारावर घडलेले हे पांघरूण. वरचा केस लांब व जड, आतला मऊ व दाट. तेच पांघरूण घेऊन बिचाऱ्या कापशीला घाटपायथ्याच्या चार महिन्यांच्या पावसात राहायचे!

या केसांची मुख्य अडचण मोठी मासलेवाईक आहे. इतर कुत्र्यांचे गळलेले केस सतरंजीवर पडतात. ल्हासाचे गळलेले केस अंगावरच्या लांब केसांत अडकून बसतात. त्यांना ओल लागली, अंग घासले गेले, की गुंता होतो आणि गुंत्याची जट होते. जटेखाली वारा जात नाही, कातडी ओलसर राहते, खाज सुटते, मग फोड आणि जखमा. म्हणून वेणीफणी ही येथे चैन नव्हे. ती शुश्रूषा आहे.

फणी कशी फिरवावी

आत्याचा शिरस्ता असा. संध्याकाळी दिवा लागला की ओटीवर चटई. हाताशी दोन धातूच्या फण्या, एक विरळ दातांची व एक बारीक दातांची, आणि बारीक तारांचा एक ब्रश. वरवर फणी फिरवली तर वरून रेशीम आणि आत जट, असा प्रकार होतो. म्हणून ती मुलीच्या केसांचा पाडतात तसा भांग पाडते, कातडी दिसेपर्यंत, आणि एकेक थर विंचरते. आधी टोके, मग मध्य, शेवटी मूळ. कानामागे, बगलेत, मागच्या पायांच्या सांध्यात आणि गळपट्ट्याखाली गुंता हटकून सापडतो. तेथून सुरुवात करावी.

गुंता निघेना तर त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर टाकून बोटांनी हलकेच मोकळा करावा. तरीही हटला, तर कातडी आणि गुंता यांच्यामध्ये फणी धरून फणीच्या वरच्या बाजूला कात्री लावावी. नुसती कात्री खाली घालू नये. गुंत्याबरोबर कातडीही ओढून वर आलेली असते. आणि गुंता काढायचा तो आंघोळीच्या आधी. पाणी लागले की गाठ आणखी आवळते.

आंघोळ कोमट पाण्याने, दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुरे. आपला साबण किंवा शांपू वापरू नये. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ, आणि आपली जरा आम्लधर्मी तर तिची त्यामानाने कमी. त्यामुळे आपल्याला मानवणारे तिला मानवत नाही. केसांत फेस राहता कामा नये. टॉवेलने चोळू नये, दाबून पाणी टिपावे, आणि आतला मऊ थर कोरडा होईपर्यंत सोडू नये. श्रावणात ऊन नसते, तेव्हा आत्या केस वाळवण्याचे यंत्र मंद आचेवर, लांबून फिरवते.

गोचीड आणि कुसळ

पळसदरीला दोन शत्रू फार. पावसाळ्यात गोचीड, आणि पाऊस सरून गवत वाळू लागले की कुसळ. कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरले की आत आत सरकत जाते. फिरून आल्यावर पंजे आणि कान तपासणे यासाठी आवश्यक. पंज्याखालचे केस कापून ठेवले म्हणजे चिखलाचे गोळेही होत नाहीत.

गोचिडीचे मात्र नुसत्या खाजेवर भागत नाही. गेल्या भाद्रपदात मी तेथे असताना कापशीच्या कानामागे आत्याच्या बोटाला वाटाण्याएवढे काही लागले. तिने चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढले. रॉकेल नाही, काडेपेटी नाही, बोटांनी चिरडणेही नाही. आठ-दहा दिवसांनी कापशीने भाताला तोंड लावले नाही. आत्याने तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या.

"हा रंग हिचा नव्हे," ती म्हणाली. "रोज तोंड पुसते मी हिचे."

रिक्षा करून आम्ही तिला कर्जतला डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले, गोचीडतापच निघाला. हा ताप रक्तातल्या पेशींवरच घाला घालतो आणि उशीर झाला तर जीव घेतो. चार आठवडे औषध चालले. "वेळेवर आणलीत," एवढेच डॉक्टर म्हणाले. मी मात्र मनात म्हटले, वेळेवर आणले ते फणीने. ज्या हाताला रोजचे अंग ठाऊक, त्यालाच आजचा फरक कळतो.

कापावे की न कापावे?

यानंतरचा प्रश्न अवघड होता. आत्याच्या बोटांना संधिवात. रोजचा पाऊण तास तिला झेपेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो बाई, तासून टाका सगळे!" मुलाने फोनवर सुचवले, "आई, तिला दुसऱ्या कुणाकडे देऊ या का?" त्या रात्री आत्या जेवली नाही.

शेवटी डॉक्टरांनीच मार्ग दाखवला. ल्हासाचा केस माणसाच्या केसासारखा वाढत राहतो. तो दीड-दोन इंच ठेवून कात्रीने सारखा केला तर काही बिघडत नाही. मात्र वस्तऱ्याने कातडीपर्यंत तासू नये. ऊन आणि डास थेट अंगाला भिडतात. स्पिट्झचे, म्हणजे ज्याला आपण सरसकट पॉमेरेनियन म्हणतो त्याचे, केस तर मुळीच तासू नयेत. त्याचा आतला थर कधी कधी पूर्वीसारखा परत येतच नाही.

कापशीचे केस कापले त्या दिवशी आत्याने दोन झुपके एका डबीत ठेवले. आता वेणीफणी पंधरा मिनिटांत होते. डोळ्यांवरचे केस तेवढे लांब ठेवले आहेत, त्यांचा मऊ रबराने बुचडा बांधतात. "विद्यार्थिनी शाळेत निघाल्यासारखी दिसते," असे आत्या म्हणते. कापशी पूर्वीइतकी भारदस्त दिसत नाही हे खरे. पण ती घरात आहे.

वाचकहो, दिवाळी आली आहे. आपल्या घरी असा केसाळ सोबती असेल, तर अभ्यंगाचे तेल आणि उटणे त्याला लावू नका. तेलकट केसांत धूळ बसून जट होते. फटाक्यांच्या वेळी त्याला आतल्या खोलीत, पडदे ओढून, आपल्या जवळ ठेवा, आणि हळूहळू फणी फिरवत राहा. ओळखीच्या हाताने त्याला धीर येतो. केस लांब असोत की आखूड, त्याला त्याचे काही नसते. रोज थोडा वेळ आपला हात त्याच्या अंगावरून फिरावा, एवढेच त्याचे मागणे असते.